गळती कुणाची?

मेस्त्री चपला जिन्याच्या तोंडाशी काढतो आणि अनवाणी गच्चीवर येतो. कमरेच्या पिशवीतून छोटा हातोडा काढून हातात धरतो, पण ठोकत नाही. आधी नुसता चालतो. कठड्यालगत एक फेरी, मग मधोमध एक. तळव्यांना फरशी कुठे हलते, कुठे दबते, ते तो बघतोय. त्याच्या मागे आमची वरात: घरमालक, भाडेकरू, भाडेकरूचा मोबाईल उगारलेला मुलगा, वकीलबाई, आणि शेवटी मी. माझं इथे काही काम नाही. वकीलबाई आमच्या शेजारच्या. ‘मद्रास टेरेस आणि मराठी माणसाचं भांडण दोन्ही एकाच गच्चीवर बघायचंय का,’ असं त्यांनी काल विचारलं, म्हणून आलोय.

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमधली सावकारपेठ. सप्टेंबरअखेरचा रविवार, सकाळचे साडेनऊ. मिंट स्ट्रीटला आज सुट्टी आहे. एरवी जिथे खांद्याला खांदा घासतो तिथे हातगाड्या भिंतीला टेकवून उभ्या केल्यात आणि गाई रस्त्याच्या मधोमध बसल्यात. कंपनी सरकारची टांकसाळ या रस्त्यावर होती, म्हणून मिंट स्ट्रीट, तमिळमध्ये तंगसालै. टांकसाळ कधीच गेली. सोनं राहिलं. आणि सोन्याबरोबर आले आमचे गलाईवाले.

विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, पलीकडे माण आणि खटाव. पाऊस ज्या गावांना टांग मारतो त्या गावांतली पोरं पिढ्यान्‌पिढ्या सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली. दक्षिणेत सराफ बाजार आहे तिथे गल्लीत एखादं तरी गलाईचं दुकान सापडतं आणि आतून सांगली-साताऱ्याची भाषा ऐकू येते. या घराच्या तळमजल्यावर तसंच एक आहे. पुढे काउंटर आणि तराजू, मागे भट्टी, मुशी, तेजाबाच्या बरण्या. वरच्या मजल्यावर आबांचं बिऱ्हाड आणि चार कारागिरांची खोली. त्याच्यावर ही गच्ची.

आबा म्हणजे भाडेकरू. साठीचे, पांढरा शर्ट, कपाळाला बुक्का. घरमालक त्यांना ‘सेट्टु’ म्हणतात, कारण सावकारपेठेतला तमिळ न दिसणारा प्रत्येक दुकानदार इथल्यांना सेट्टु. मालक बँकेतून निवृत्त झालेले, राहायला अण्णानगरला, पांढरी वेष्टी आणि हातात प्लास्टिकची फाईल. आबा त्यांना ‘सार’ म्हणतात. दोघांचं तमिळ फाडफाड. आबांचं मराठी विट्याकडचं, वकीलबाईंचं तंजावरच्या मराठी राज्यातून आलेल्या घराण्याचं, त्यामुळे या दोघांना एकमेकांशी नेमकं बोलायचं झालं की तीही तमिळवर येतात. मला कळावं म्हणून अधूनमधून मराठी.

‘‘सार, हितनं पाणी येतं,’’ आबा पायाने एक फरशी दाखवतात. ‘‘गेल्या डिसेंबरात पोरांनी अंथरुणाखाली पातेली ठेवली.’’

‘‘आणि हे कुणी केलं?’’ मालक गच्चीच्या दुसऱ्या टोकाला बोट करतात. तिथे भट्टीचं धुराडं बाहेर आलंय. पत्र्याची नळी, भोवती सिमेंटचा ओबडधोबड गोळा. ‘‘माझ्या आजोबांच्या गच्चीला भोक पाडायचं, आणि मग गळतंय म्हणायचं!’’

वाद एवढाच आहे. गेल्या वर्षापासून एवढाच आहे. आबांच्या मते छत गळतं कारण मालकांनी गच्चीला वर्षानुवर्षं हात लावला नाही. मालकांच्या मते छत गळतं कारण भाडेकरूने धुराड्यासाठी ते फोडलं. मधल्या काळात आबांनी दोन महिन्यांचं भाडं अडवलं, मालकांनी त्याला उत्तर म्हणून पाण्याच्या मोटरचं बटण आपल्या कुलपात घेतलं, मग ते वकीलबाईंच्या पत्रानंतर सोडलं. विजेच्या सबमीटरवरून झालेलं भांडण वेगळंच. ते आज काढायचं नाही, अशी बाईंची ताकीद आहे.

मेस्त्री या कशाकडेच लक्ष देत नाही. तो आता उकिडवा बसलाय आणि ठोकतोय. टक्‌. टक्‌. टक्‌. एक फरशी, मग पुढची, मग तिच्या पुढची. आवाज भरीव येतो. आबांनी दाखवलेल्या जागेवरही भरीवच येतो. मालकांचा चेहरा उजळतो. मेस्त्री आणखी वावभर पुढे सरकतो, कठड्याकडे, जिथे काळ्या डांबराचा पट्टा सुरू होतो. तिथे आवाज बदलतो. पोकळ.

‘‘हे कधी घातलं?’’ तो विचारतो.

‘‘2015च्या पुरानंतर,’’ मालक म्हणतात. ‘‘चांगलं महागाचं घातलंय.’’

डिसेंबर 2015चा तो पाऊस चेन्नईत कुणाला समजावून सांगावा लागत नाही. अड्यार नदी घरांत शिरली, विमानतळ बंद पडला. त्यानंतरच्या वर्षी वर्दा चक्रीवादळ, 2023च्या डिसेंबरात मिचाँग. दर पुरानंतर शहरातल्या गच्च्यांवर काहीतरी काळं किंवा पांढरं थापलं जातं. मेस्त्री डांबराच्या कापडाची कड नखाने उचलतो आणि ओढतो. ते सोलून निघतं. खाली फरशी ओली आहे. या शहरात चार दिवस पाऊस नाही आणि खाली फरशी ओली आहे.

मग तो बोलतो, आणि बोलायला लागल्यावर थांबत नाही. मद्रास टेरेसचं हे छत कसं असतं ते आम्हाला कळल्याशिवाय आम्ही भांडूच नये, असा त्याचा एकंदर पवित्रा आहे. सागवानी वासे, हात-दीड हातावर एक. वाशांवर पातळ विटा, आडव्या नव्हेत, कडेवर उभ्या, तिरक्या ओळीत, चुन्यात बसवलेल्या. खाली फळ्यांचा आधार न देता गवंडी त्या एकेक करून चिकटवत नेतो. त्यावर विटांची खडी आणि चुना. तो थर लाकडी थाप्यांनी दिवसचे दिवस बडवायचा, बायका ओळीने बसायच्या, हिरडा आणि गूळ भिजवलेलं पाणी शिंपडत बडवायच्या. वर सपाट भाजक्या फरशा, त्याही चुन्यात. लोखंड नाही, सिमेंट नाही. शंभर-शंभर वर्षं टिकलेली छतं आहेत याच गल्लीत.

‘‘चुना श्वास घेतो,’’ मेस्त्री म्हणतो. ‘‘पावसात पितो, उन्हात सोडतो. तुम्ही वर डांबर घातलं. कठड्याच्या फटीतून पाणी आत जातंय, बाहेर यायला वाट नाही. ते उताराने आतल्या आत चालत गेलं आणि तिकडे मुलांच्या अंथरुणावर उतरलं.’’

‘‘म्हंजे आमचं बरोबर,’’ आबा माझ्याकडे वळून मराठीत म्हणतात.

‘‘गप्प बसा हो आबा,’’ वकीलबाई म्हणतात. ‘‘खाली जायचंय अजून.’’

खाली कारागिरांच्या खोलीत छत डोक्यावर लागेल इतकं जवळ आहे. मेस्त्री स्टुलावर चढून वाशाच्या टोकात, भिंतीत शिरतो तिथे, पेचकस खुपसतो. तो लोण्यात शिरावा तसा शिरतो. मालक मान वळवतात. त्यांच्या आजोबांनी ब्रह्मदेशातून आलेलं सागवान घातलं होतं, हे ते मघाशी जिन्यात सांगत होते. आता सांगत नाहीत. दोन वासे गेलेत, तिसऱ्याची खात्री नाही. फोटो. मुलगा प्रत्येक भोकाचा फोटो काढतो आणि फोटोवर तारीख येते की नाही ते तपासतो.

इथपर्यंत सकाळ आबांची आहे. मग आम्ही तळमजल्यावर उतरतो.

भट्टी आज थंड आहे. कोपऱ्यात ग्राफाइटच्या मुशी उपड्या, वर गणपती आणि सिद्धनाथ एका चौकटीत. जुन्या दागिन्यातलं सोनं शुद्ध करायचं तर त्यात आधी चांदी मिसळून ते वितळवतात, मग नायट्रिक आम्लात उकळतात. चांदी आणि तांबं विरघळून जातं, तळाशी तपकिरी भुकटी राहते, तेच सोनं. आबा हे सांगताना हात असे हलवतात की जणू बरणी समोर आहे. वर जाते ती तांबडी-पिवळी वाफ. ती जायला धुराडं.

मेस्त्री धुराड्याशेजारच्या भिंतीला बोट लावतो. गिलावा पिठासारखा हातात येतो. भिंतीवर छातीइतक्या उंचीपर्यंत पांढरा लोणा चढलाय. ही भिंत गच्चीवरच्या गळतीपासून लांब आहे, मधे अख्खा मजला आहे, आणि तरी ओली आहे. तो बोट नाकाशी नेतो.

‘‘हे पावसाचं नाही. आसिड.’’

आम्ल चुन्याला खातं. नायट्रिक आणि चुना मिळून जो क्षार होतो तो हवेतलं पाणी ओढून धरतो, म्हणून ही भिंत मे महिन्यातही घामेजलेली असते. चेन्नईची हवा त्याला बाराही महिने पाणी पुरवते. आणि धुराड्याखालची मोरी, तिथून जाणारा जुना बिडाचा पाईप, तो तर मेस्त्री नुसता हलवतो आणि त्याचा एक तुकडा हातात येतो. आबांचा चेहरा पडतो. मालक फाईल उघडतात.

आता सगळे ओट्यावर. इथे त्याला तिण्णै म्हणतात. लाकडी खांब, खाली गुळगुळीत चुन्याची घोटाई, अजून आरशासारखी. मुलगा कॉफी आणायला पळतो. वकीलबाई चष्मा लावतात आणि पर्समधून कायद्याचा घडी घातलेला कागद काढतात. पाठ असूनही त्या तो काढतात. कागद दिसला की माणसं आवाज खाली घेतात, हा त्यांचा अनुभव असणार.

तमिळनाडूत 1960चा भाडेनियंत्रण कायदा जवळजवळ साठ वर्षं चालला. 2017 साली नवा झाला, घरमालक आणि भाडेकरू यांचे हक्क आणि जबाबदाऱ्या ठरवणारा, आणि 22 फेब्रुवारी 2019पासून तो लागू आहे. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात चक्क यादी आहे. इमारतीच्या सांगाड्याची दुरुस्ती, भिंतींची सफेदी, दारं-खिडक्यांचा रंग, नळाचे पाईप बदलणं, विजेची वायरिंग हे घरमालकाकडे. नळाची चकती आणि तोट्या, गटार साफ करणं, संडास-बेसिनची किरकोळ कामं, गीझर, बटणं, कुलपं, कड्या, खिडकीच्या काचा हे भाडेकरूकडे. मालकाने त्याचं काम केलं नाही तर भाडेकरूने करून घ्यावं आणि भाड्यातून वळतं करावं. भाडेकरूने त्याचं केलं नाही तर मालकाने करून घ्यावं आणि अनामतीतून कापावं.

हे वळतं करणं काही नवीन नाही. 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातही ते आहे: मालकावर बंधनकारक असलेली दुरुस्ती त्याने सूचना देऊनही केली नाही, तर भाडेकरू ती करून भाड्यातून व्याजासकट कापू शकतो. आपल्याकडे महाराष्ट्राच्या 1999च्या कायद्यात पंधरा दिवसांची नोटीस आणि वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्शाची मर्यादा आहे. मुंबईच्या जुन्या चाळींचं भाडं लक्षात घेतलं तर त्या पाव हिश्शात एक पायरीसुद्धा बसत नाही. म्हणूनच तिथे 1969मध्ये दुरुस्ती मंडळ काढून उपकर लावावा लागला. जॉर्ज टाउनला तसं मंडळ नाही. इथे मालक, भाडेकरू आणि मेस्त्री.

‘‘यादीत पाईप मालकाचा आहे,’’ आबा लगेच म्हणतात. यादी त्यांनीही वाचलीय.

‘‘आणि भाडेकरूने केलेलं नुकसान वगळून, असंही आहे,’’ मालक म्हणतात. त्यांनीही.

यादीची गंमत ही आहे. ती वस्तूंची यादी आहे. पाईप कुणाचा, तोटी कुणाची, भिंत कुणाची, हे ती सांगते. पण भांडणं वस्तूंवरून होतच नाहीत, ती कारणावरून होतात. पाईप जुना झाला म्हणून गेला की तेजाबाने गेला? हे दुसरं परिशिष्ट सांगू शकत नाही. ते आत्ता या गल्लीत एकच माणूस सांगू शकतो आणि तो ओट्याच्या पायरीवर बसून कॉफी दवऱ्यात, म्हणजे पेल्याखालच्या वाटीत, ओतून गार करतोय.

मग मालक ते वाक्य उच्चारतात.

‘‘एवढं सगळं करायचं तर घर रिकामं करावं लागेल, सेट्टु. माणसं आत असताना वासे कसे बदलणार?’’

ओटा एकदम शांत होतो. मुलगा मोबाईल खाली करतो. जुन्या भाडेकरूला याच वाक्याची भीती असते, आणि ती उगाच नसते. 1960च्या कायद्यातही दुरुस्तीसाठी किंवा पाडून बांधण्यासाठी जागा मागायची सोय होती, नव्या कायद्यातही आहे. म्हणून कित्येक बिऱ्हाडं वर्षानुवर्षं गळतीखाली पातेली ठेवतात आणि तक्रार करत नाहीत. आणि कित्येक मालक छताला हात लावत नाहीत, कारण छतच एक दिवस त्यांचं काम करणार असतं. हे मी कुणा एकावर घालत नाही. पण जुन्या पेठांतून हिंडणाऱ्याला गच्चीवरचं पिंपळाचं रोप निष्काळजीपणाने वाढलंय की कुणी वाढू दिलंय, ते थोडंफार ओळखता येतं.

आबांच्या बाजूला आणखी एक भोक आहे, आणि ते मालकांनाही ठाऊक आहे. करार 2009चा, अकरा महिन्यांचा. त्यानंतर सगळं तोंडी. नव्या कायद्याने भाडेकरार लेखी करून भाडे प्राधिकरणाकडे नोंदवायला लावला, आणि असा करार झालाच नाही, हेच जागा परत मागायचं एक कारण ठरवलं. कलम 21, पोटकलम 2, खंड अ. त्यावर मद्रास उच्च न्यायालयापर्यंत खटले गेलेत. म्हणजे आबा गळतीची तक्रार घेऊन भाडे न्यायालयात गेले, तर पहिला प्रश्न छताचा नसेल, कागदाचा असेल. ते न्यायालय इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, उच्च न्यायालयाच्या आवारात, लघुवाद न्यायालयात. आबा रोज तिथून जातात. आत कधी गेले नाहीत.

‘‘बाई,’’ ते हळूच मराठीत विचारतात, ‘‘आता काय म्हणायचं ह्यास्नी?’’

बाई त्यांच्याकडे बघतही नाहीत. त्या मालकांशी बोलतात, अगदी गोड तमिळमध्ये. ‘‘सार, तुम्ही मागाल जागा. मिळेलही. दोन वर्षं, तीन वर्षं. दरम्यान दोन पावसाळे. तो वासा कुणाच्या अंगावर आला तर? कॉर्पोरेशन दरवर्षी पावसाळ्याआधी धोकादायक घरांना नोटिसा लावतं. नोटीस तुमच्या नावाने येते, सेट्टुच्या नाही. आणि आज वाशांचे फोटो काढलेत, तुमच्यासमोर, तारखेसकट.’’

मालक कॉफीचा पेला दवऱ्यात ठेवतात. बराच वेळ काही बोलत नाहीत. मग खिशातून फोन काढून आईला लावतात. मला वाटतं वकिलाला लावतील; पण नाही, आईला. नव्वदीच्या अम्मा पडद्यावर येतात, नाकात दोन्हीकडे चमक्या. मालक त्यांना धुराड्याचं सांगतात. कुणाला न विचारता भोक पाडलं वगैरे.

‘‘न विचारता कसं?’’ अम्मांचा आवाज ओटाभर ऐकू येतो. ‘‘तुझ्या अप्पांनी स्वतः उभं राहून पाडून घेतलं. धूर माजघरात येत होता म्हणून.’’

आबा हात जोडतात, फोनच्या दिशेने.

‘‘आणि सेट्टुला विचार,’’ अम्मा पुढे म्हणतात, ‘‘दर पोंगलला ती भिंत स्वतःच्या खर्चाने चुन्याने रंगवीन असं कबूल केलं होतं. रंगवली का?’’

जोडलेले हात खाली येतात. मेस्त्री पहिल्यांदाच हसतो.

पुढचा तास आकड्यांचा आहे. मेस्त्री क्षेत्रफळ ‘सदुरम’मध्ये मोजतो, शंभर चौरस फुटांचा एक सदुरम. डांबर काढणं, फरशा उचलणं, तीन वासे, चुन्याचं काँक्रीट, फरशा परत. सिमेंटने केलं तर स्वस्त पडेल, पण त्यात तो हात घालणार नाही, हे तो दोनदा सांगतो. हिरडा आणि गूळही लागणार. गुळाचा खर्च ऐकून मालक विचारतात, गूळ कशाला, हल्ली कुणी घालतं का. मेस्त्री उत्तर देत नाही, पुढची बाब सांगतो. काम टप्प्याने करता येईल, एका वेळी एकच खोली. कारागिरांनी तेवढे दिवस दुकानात झोपायचं. म्हणजे जागा रिकामी करायचा प्रश्न आपोआप मिटतो. हे कुणी मोठ्याने म्हणत नाही. वकीलबाई मात्र लिहून घेतात.

गच्ची आणि वासे मालकांचे, यावर फार ताणाताण होत नाही. डांबर त्यांनीच घातलंय. लोणा लागलेली भिंत आबांची. तिचा गिलावा उतरवून पुन्हा चुन्याचाच करायचा, आणि धुराड्याला आतून काचेची किंवा मातीची नळी घालायची म्हणजे वाफ भिंतीला लागणार नाही. पाईपावर गाडी अडते. मेस्त्रीला पंच करतात. तो दुकानात जातो, तुकडा उन्हात आणून उलटसुलट बघतो.

‘‘बाहेरून गंजलाय तो वयाने,’’ तो म्हणतो. ‘‘आतून खाल्लाय तो आसिडने. कोण आधी पोचलं, देवाला ठाऊक.’’

निम्मा-निम्मा. आबा विचारतात, तेजाबाचं पाणी आता बरणीत साठवून चुन्याने मारून टाकलं तर? ते तसं आधीपासूनच करायला हवं होतं, असं कुणीही म्हणत नाही. बाई कराराच्या मसुद्यात तसं कलम घालतात.

मग भाडं. मालक जितकं वाढवून मागतात ते ऐकून आबांचा मुलगा उठून उभा राहतो. आबा त्याला शर्टाला धरून बसवतात. दुकान आणि वरचा मजला मिळून भाडं चौदा हजार आहे, आणि या गल्लीत एवढ्यात नुसतं अर्धं दुकानही मिळत नाही, हे आबांना मालकांपेक्षा चांगलं माहीत आहे. ते लगेच होकार देत नाहीत, पण नाहीही म्हणत नाहीत. दर वर्षी थोडं थोडं, असं बोलणं सुरू होतं. मालक अनामतही वाढवून मागतात, दहा महिन्यांची, जुन्या मद्रासी रिवाजाप्रमाणे. इथे बाई मान हलवतात. नव्या कायद्यात वेगळं ठरलं नसेल तर तीन महिन्यांच्या भाड्याची हद्द आहे. आबा जी आधी देऊन बसलेत तीच पुष्कळ आहे. तिची पावती मालकांच्या वडिलांच्या सहीची, आबांच्या तिजोरीत, विठोबाच्या फोटोमागे. ती आणली जाते. मालक वडिलांची सही बराच वेळ बघतात आणि परत देतात.

मला विचाराल तर आजच्या सकाळची सगळ्यांत कामाची गोष्ट बाईंनी शेवटी सांगितलेली आहे, आणि ती ऐकताना दोघांनाही जांभया येतात. नव्या कराराला परिशिष्ट जोडायचं. प्रत्येक खोलीचे फोटो, छताचे, मोरीचे, तोट्यांचे, भिंतीच्या खालच्या कडेचे. त्यावर दोघांच्या सह्या. करार नोंदवायचा, नोंदणीचा क्रमांक घ्यायचा. काही बिघडलं तर सांगणं मोबाईलवर लेखी, फोन करून नाही. मालकाला घर बघायला यायचं तर चोवीस तास आधी कळवायचं. जागा घेतली त्या दिवशी ती कशी होती याचा पुरावा नसतो, म्हणून मग प्रत्येक जण आपापली आठवण काढतो, आणि आठवणीत घर नेहमी आपल्या बाजूने असतं.

‘‘फोटो कशाला,’’ मालक म्हणतात. ‘‘विश्वास आहे की.’’

‘‘आहेच की,’’ आबा म्हणतात.

गेल्या वर्षी यातल्या एकाने भाडं अडवलंय आणि दुसऱ्याने पाणी. बाई काही बोलत नाहीत, मुलाला खुणेने मोबाईल काढायला सांगतात.

कामाची तारीख ठरवायची तर पितृपक्ष चालू आहे. तो संपल्यावरच, असं आबा म्हणतात. मालक मान डोलावतात. महालय त्यांच्याकडेही पाळतात, आणि वर मंगळवार नको, आणि सोमवारी सकाळी साडेसात ते नऊ राहुकाल. मेस्त्री दोघांकडे आळीपाळीने बघतो. पाऊस पंचांग बघून येत नाही, असं काहीतरी तो पुटपुटतो आणि मग मोठ्याने सांगतो की चुना आधी भिजायला हवा, निदान आठवडाभर, आणि भिजवायला मुहूर्त लागत नाही. उद्या राहुकाल संपला की तो येईल. एक टाकी रिकामी ठेवा आणि भरून ठेवा.

‘‘रिकामी की भरून?’’ मुलगा विचारतो.

‘‘धुऊन रिकामी करा, मग भरा.’’

पाणी कुणाचं, हा प्रश्न आबाच काढतात. मेट्रो वॉटरचं नळाचं पाणी दिवसाआड येतं, ते घरातच पुरत नाही. 2019च्या उन्हाळ्यात या गल्लीत पाण्याच्या एका लॉरीसाठी माणसं रात्री जागत होती, ते कुणी विसरलेलं नाही. मालक म्हणतात, गच्ची माझी, चुना माझा, आता पाणीही माझंच का? आबा म्हणतात, माझ्या पोरांनी अंघोळ करायची की तुमचा चुना भिजवायचा? आवाज पुन्हा चढतात. समोरच्या घरातली एक बाई खिडकीत येऊन उभी राहते. वकीलबाई पेनचं टोपण काढतात आणि नववं कलम लिहितात: चुन्यासाठी लागणारं पाणी घरमालकाचं, लॉरी मागवावी लागल्यास खर्च निम्मा-निम्मा, आणि लॉरी कुणी मागवायची ते मेस्त्री सांगेल.

सह्या होतात. मेस्त्रीही सही करतो, तमिळमध्ये, साक्षीदार म्हणून, आणि मग आजच्या ठोकाठोकीचे पाचशे कोण देणार ते विचारतो.

‘‘सेट्टु,’’ मालक म्हणतात.

‘‘सार,’’ आबा म्हणतात.

बाई दहाव्या कलमाला जागा शोधायला कागद उलटा करतात.